काणा मामा

ऑर्गन हे वाद्य बगलेत मारून कोठे नेता येत नाही. ते भिंतीएवढे असते आणि भिंतीतच राहते. त्याला लहानमोठ्या पुष्कळ नळ्या असतात. सर्वांत लहान नळी पेन्सिलीएवढी असते आणि सर्वांत मोठी खांबाएवढी. नळीत वारा शिरला म्हणजे सूर निघतो. वाजवणारा मनुष्य या नळ्यांच्या पुढ्यात लांब बाकावर बसतो, हातांनी वरच्या पट्ट्या व पायांनी खालच्या लाकडी पट्ट्या दाबतो, आणि ऐकणाऱ्यांकडे त्याची पाठ असते. म्हणून ज्या बाईची ही हकीकत आहे तिचे नाव घरात पाठमोरी असे पडले. हे नाव मामीने ठेवले.

“लोक तोंड दाखवून नाव कमावतात,” मामी म्हणे, “आमची पोर पाठ दाखवून कमावते. बरंच आहे म्हणा, पावडरीचा खर्च वाचला.”

पाठमोरी आणि तिचा धाकटा भाऊ लहानपणीच पोरके झाले व मामांच्या घरी वाढले. मामा गावातील मोठ्या सभागृहात भात्यावर होते. त्या काळी ऑर्गनला वारा पुरवण्यासाठी विजेची मोटार नव्हती. वाद्याच्या पाठीमागे एक चिंचोळी खोली होती. तिच्यात दोन माणसांच्या उंचीचा चामड्याचा भाता होता व त्याचा लाकडी दांडा मामा वरखाली करत. भात्यात वारा किती उरला हे कळावे म्हणून दोरीला शिशाचा गोळा बांधलेला असे, आणि वारा संपू लागला की तो वर चढे. गोळा फार वर जाऊ द्यायचा नाही, हे मामांचे काम. पुढे टाळ्या पडत तेव्हा मामा भिंतीआड घाम पुसत असत. त्याचे त्यांना काही वाटत नसे. “मी भाता ओढतो, साहेब भत्ता ओढतात, एवढाच काय तो फरक,” असे ते म्हणत आणि आपल्याच विनोदावर सर्वांच्या आधी हसत.

त्यांचा आवाज फार खर्जातला होता. घरात ते बोलू लागले की फडताळातली भांडी किणकिणत.

मामीला दुपारी थोडी उसंत मिळावी म्हणून मामा दोन्ही पोरांना कामावर नेत. तेथे मुलांनी काय करावे? वाद्याच्या दोन्ही बाजूंना खुंट्यांच्या रांगा होत्या. खुंटी बाहेर ओढली म्हणजे एका जातीच्या नळ्या जाग्या होतात आणि आत लोटली म्हणजे त्या निजतात. प्रत्येक खुंटीवर तिचे नाव कोरलेले होते, परंतु ते परक्या भाषेत व वळणदार अक्षरांत होते. मुलांना स्वतःची भाषाही तेव्हा धड वाचता येत नव्हती. म्हणून त्यांनी आवाज ऐकून खुंट्यांना नावे दिली, आणि मुलांना दुसरी नावे कोठून सुचणार? जी खुंटी उंच व किरकिरी वाजे ती आत्या. जी नाकात बोले ते काका. दोन खुंट्या गोड होत्या पण एकमेकींशी जमत नसत, त्या थोरली काकू आणि धाकटी काकू. खालच्या कोपऱ्यातली एक खुंटी ओढली की सर्वांत मोठे नळे बोलत, वारा भसाभसा संपे, शिशाचा गोळा वर पळे, आणि भिंतीआडून मामांचा “अगं आई गं” असा आवाज येई. त्या खुंटीचे नाव मामा. तिच्या शेजारी तशीच, पण बारीक व अशक्त आवाजाची एक खुंटी होती. थोरली मोडली असेल तर तिच्यावर भागवत. नाही मामापेक्षा काणा मामा बरा, अशी म्हण आहे. मुलांनी ती मामीच्या तोंडून ऐकली होती. त्या खुंटीचे नाव काणा मामा असे पडले.

सभागृहाचे वादक वयस्क होते व त्यांना सर्व जण थोरले सर म्हणत. एकदा ते वेळेच्या आधी आले आणि त्यांना बाकावर मुलगी सापडली. तिचे पाय खाली पोचत नव्हते. त्यांनी तिला उठवले नाही. थोडा वेळ ऐकून ते म्हणाले, “पाय पोचेपर्यंत हात शिकून घे.”

त्यांनी तिला शिकवले. ते फारसे बोलत नसत. एक गोष्ट मात्र ते पुनःपुन्हा सांगत. मोठ्या सभागृहात नळीतून निघालेला सूर लांबच्या भिंतीवर जाऊन परत येतो, आणि येईपर्यंत वाजवणारा पुढे गेलेला असतो. जो आपलाच सूर ऐकत बसतो त्याचा हात मंदावतो व सगळे ओझे कोसळते. “ऐकू नकोस,” सर म्हणत. “वाजव आणि पुढे हो. सूर येतो मागून.” मुलीने हे इतके अंगी बाणवून घेतले की पुढे घरातही तिला कोणी काही सांगितले तर ते तिच्या कानावरून जाई आणि तिचे उत्तर उशिरा येई. मामी म्हणे, “हिला सोमवारी शिव्या द्याव्या, म्हणजे बुधवारी रडेल.”

भावाला स्वरलिपी काही केल्या वाचता येईना. सरांनी त्याला दोनदा बसवून पाहिले, तिसऱ्यांदा तो बसल्या जागी झोपला. परंतु त्याचे हात लांब होते आणि कान तिखट होता. वाजवणाऱ्याचे दोन्ही हात व दोन्ही पाय गुंतलेले असतात, मग खुंट्या ओढण्यासाठी शेजारी कोणीतरी उभे राहावे लागते. हा माणूस पुस्तक वाचून खुणेच्या जागी खुंटी ओढतो. भावाला पुस्तक वाचता येत नसल्यामुळे बहीण त्याला वाजवता वाजवता सांगे. ती ऐकणाऱ्यांकडे पाठ करून बसलेली, तेव्हा तिचे ओठ कोणाला दिसत नसत, आणि वाद्याच्या गजरात तिचा आवाज कोणाला ऐकू जात नसे.

“आत्यांना पाठव घरी. लवकर!”

“गेल्या.”

“धाकट्या काकूला बोलाव. धाकट्या म्हटलं रे, थोरली कशाला आणलीस, गाढवा!”

“दोघी एकीमागे एक उभ्या असतात, मी काय करू?”

“घरी चल, दाखवते काय करायचं ते.”

खाली लोक डोळे मिटून ऐकत असत. अशी ती जोडी जमली, आणि भावाला खुंट्या हे नाव लागले.

मुलगी मोठी झाली. तिने स्पर्धा जिंकल्या. दूरदूरच्या शहरांतून तिला बोलावणी येऊ लागली. तिच्या पायांविषयी वर्तमानपत्रांत लिहून येई, कारण पायांच्या पट्ट्या ती हातांइतक्या चपळाईने वाजवत असे. त्यासाठी तिच्याकडे पातळ तळव्याचे जोडे होते. ते तिने कधी रस्त्यावर घातले नाहीत. एका पिशवीत जोडे आणि डबा, दुसऱ्या पिशवीत स्वरलिपीची पुस्तके, आणि पुढे खुंट्या, असे ते दोघे प्रवास करत. सतार वाजवणारा आपली सतार घेऊन हिंडतो. ऑर्गन वाजवणाऱ्याला प्रत्येक गावी परके वाद्य मिळते आणि त्याच्याशी एका दिवसात जमवून घ्यावे लागते. म्हणून सभागृहात पोचताच बहीण बाकावर बसे, भाऊ एकेक खुंटी ओढे, आणि दोघे नाती लावत.

“ही कोण?”

“आत्याच की. पण स्वभावाने गरीब दिसते.”

“गरीब आत्या? मग आपल्यातली नव्हे. मावशी म्हण.”

मामांची खुंटी ते सर्वांत शेवटी ओढत. प्रत्येक गावचा मामा वेगळा निघे. कोठे तो नुसता घरघरे, तर कोठे त्याला जाग यायलाच वेळ लागे. “आपल्या मामांची सर नाही,” असे खुंट्या म्हणे, आणि बहीण मान हलवून पुढील कामाला लागे.

जुनी वाद्ये वारंवार बिघडतात. ऐन कार्यक्रमात एखादी तार तुटते आणि खुंटी नुसतीच हातात येते. अशा वेळी दोघांच्या बोलीत ‘गेली’ एवढेच म्हणण्याची रीत होती. एका गावी असाच प्रकार झाला. दुसऱ्या दिवशी उतरायच्या ठिकाणी जेवताना खुंट्या म्हणाला, “काल ऐन वेळी आत्या गेल्या, म्हणून तुझी पंचाईत झाली.”

“त्यांना नेहमी माझ्याच कार्यक्रमात जायचं असतं,” बहीण म्हणाली. “जाऊ देत. काकूंनी धकवून नेलं ना.”

शेजारच्या पानावरचे गृहस्थ हात आखडून बसले. मग त्यांनी गंभीरपणे विचारले, “वय काय होतं हो त्यांचं?” खुंट्याला ठसका लागला. हा प्रसंग तो पुढे सगळ्यांना सांगत असे, आणि खरी आत्या हयात व खणखणीत होती तिलाही त्याने तो सांगितला. तिने त्याला वर्षभर दारात उभे केले नाही.

मध्यंतरी गावच्या सभागृहात मोटार बसली. तिने मामांचे काम काढून घेतले. मामांना दाराशी खुर्ची देण्यात आली. ते कुरकुरले नाहीत. संध्याकाळी वाद्य सुरू झाले म्हणजे ते आत जात व सर्वांत मागच्या बाकावर बसून तळहात बाकाच्या फळीवर टेकवत. त्यांच्या खुंटीचा सूर इतका खालचा होता की तो कानाला जेमतेम कळे. “हा सूर कानाने ऐकायचा नसतो,” मामा म्हणत. “हा बुडाने ऐकायचा असतो.”

मामी मात्र सभागृहात एकदाही गेली नाही. भात्यावर काम करून मामांची छाती बिघडली होती व त्यांना धाप लागे. “त्या मेल्या बाजाने माझ्या माणसाचा श्वास खाल्ला,” ती म्हणे. “आणि वर तो ऐकायला जाऊ? मला काय कमी आवाज आहेत घरात?”

थोरले सर वारले आणि त्यांची जागा मोकळी झाली. सभागृहाचा कायमचा वादक नेमण्यासाठी समिती बसली. पाठमोरीचे नाव त्या वेळी पुष्कळ मोठे झाले होते, परंतु मोठ्या नावाच्या माणसालाही रोज परक्या खोलीत झोपून कंटाळा येतो. तिला ते बाक हवे होते. ज्या वाद्यावर ती शिकली त्यावर आयुष्यभर बसावे आणि संध्याकाळी पायी घरी जावे, याहून अधिक तिला काही नको होते. मामांनाही तेच हवे होते. ते आता अंथरुणाला खिळले होते.

“तू त्या बाकावर बसलीस ना, की मी मोकळा,” ते धापा टाकत म्हणाले.

“मोकळे कशाला होताय? उठा, मागे येऊन बसा.”

“बसेन की. तेवढी माझी खुंटी जरा जोरात ओढायला सांग त्या माकडाला. नवे नळे बसवलेत म्हणे.”

ही गोष्ट खरी होती. मामांच्या खुंटीचे जुने नळे किडले होते. समितीने ते काढून नवे, पूर्वीपेक्षा मोठे नळे बसवले होते. त्यासाठी गावातील प्रतिष्ठितांनी देणग्या दिल्या होत्या. प्रत्येक उमेदवाराने एक कार्यक्रम करावा आणि त्यावरून निवड व्हावी असे ठरले. देणगीदार पहिल्या रांगेत बसणार होते.

पाठमोरीने शेवटी वाजवण्यासाठी एक लांबलचक रचना निवडली. ती हळू सुरू होते, थरावर थर चढत जातो, आणि अखेरीस सर्व खुंट्या बाहेर येऊन मामांच्या सुरावर सगळे उभे राहते. तालमीच्या वेळी खुंट्याने ती खुंटी ओढली तेव्हा खिडक्यांच्या काचा थरथरल्या. “आता बोला!” तो म्हणाला. “ही तालीम मामांच्या खाटेवरसुद्धा पोचली असेल.”

कार्यक्रमाच्या दिवशी सभागृह भरले होते. पूर्वार्ध उत्तम झाला. मध्यंतरात बहीण जोड्यांचे बंद आवळत बसली आणि खुंट्या पाणी आणण्यास गेला. रखवालदाराच्या खोलीत त्याच्यासाठी फोन आला होता. फोनवर मामी होती.

“गेले रे,” मामी म्हणाली. “तिला आत्ता सांगू नकोस. तिचं वाजवून होऊ दे. त्यांनीच सांगून ठेवलंय तसं.”

खुंट्या पाणी घेऊन परत आला. बहिणीने विचारले, “इतका वेळ कुठे होतास?”

“रांग होती.”

तिला तो वेगळा दिसला नाही. तिचे लक्ष पायांकडे होते. उत्तरार्ध सुरू झाला. खुंट्याने कधी नव्हे ते एकही खुंटी चुकवली नाही आणि एकही थट्टा केली नाही. बहीण सांगे तसे तो करत होता. आत्यांना पाठव. पाठवल्या. काकांना बोलाव. बोलावले. रचना चढत गेली. शेवटचे वळण आले. पुढ्यात दोन पाने उरली.

“मामांना बोलाव,” ती म्हणाली.

खुंट्याचा हात खालच्या कोपऱ्यातल्या खुंटीवर होता. त्याने ती ओढली नाही. इतका वेळ दातांखाली धरलेली गोष्ट त्याच्या तोंडून सुटली.

“मामा गेले, ताई.”

“आत्ता?”

“हो. मघाशीच.”

तिने मान वळवली नाही. तिचे हात थांबले नाहीत. “बरं,” ती म्हणाली. “मग काणा मामा आण. आणि काकांना पाठव घरी, एकटे मोठे वाटतील. आत्या नकोत. लवकर.”

खुंट्याने काणा मामा ओढला. एवढ्या मोठ्या रचनेचा शेवट एका बारीक, अशक्त खर्जावर झाला. त्या आवाजाला वरचे ओझे पेलणारे नव्हते, म्हणून पाठमोरीने हात हलके केले, सूर एकेक करून सोडून दिले, आणि अखेरीस एकटा काणा मामाच उरला. मग तोही थांबला. नंतर टाळ्या पडल्या, परंतु पहिल्या रांगेत त्या बेताच्याच होत्या.

खुंट्या बहिणीकडे पाहत राहिला होता. मामा गेल्याचे ऐकून जिच्या डोळ्याची पापणी लवली नाही अशी ही कोण बाई आपल्या शेजारी बसली आहे, असे त्याला वाटत होते. ती वाकून जोडे सोडू लागली.

“तार तुटली का?” ती म्हणाली. “की नव्या नळ्यांनीच दगा दिला? इतके दिवस बसवून ठेवलेत नि आजच मरायचं होतं मामांना!”

खुंट्या दोन्ही हातांनी बाकाची कड धरून उभा राहिला.

“अरे, दुरुस्तीवाल्याला बोलाव. समिती विचारेल मला. बघतोस काय असा?”

“ताई,” तो म्हणाला, “खुंटी ठीक आहे.”

त्याने हात लांब करून ती ओढली व पुन्हा आत लोटली. ती लोण्यातून सुरी फिरावी तशी फिरली. बहिणीने त्या खुंटीकडे पाहिले. सूर मागून येतो असे थोरले सर म्हणत. तो तिच्यापर्यंत आता पोचला. तिच्या एका पायात जोडा होता आणि दुसरा हातात होता. ती तशीच बसून राहिली. खाली लोक खुर्च्या सरकवून उठत होते.

अंत्यविधी झाल्यानंतर समितीने तिला बोलावले. खोलीत लांब टेबल होते व अध्यक्ष मध्यभागी बसले होते. ते दुष्ट नव्हते, पण देणगीदारांच्या घरोघरी तेच हिंडले होते.

“वादन छान झालं,” अध्यक्ष म्हणाले. “पण बाई, नवे नळे वाजलेच नाहीत. आम्ही दुरुस्तीवाल्याला विचारलं, तो म्हणतो काही बिघाड नाही. पहिल्या रांगेतले मला विचारतायत, नळे आहेत कुठे? एवढ्या लोकांसमोर तुम्ही आम्हाला मामा बनवलंत.”

बोलीभाषेत फसवण्याला असे म्हणतात. अध्यक्षांच्या मनात दुसरे काही नव्हते. पाठमोरीने त्यांच्याकडे पाहिले आणि तिला हसू येईल की रडू, हे तिचे तिलाच कळेना. दोन्ही आले नाही.

खरे काय ते सांगणे सोपे होते. भावाची चूक झाली असे सांगितले असते तर कदाचित तिला दुसरी संधी मिळाली असती, आणि खुंट्याला यापुढे कोणत्याही सभागृहाने वाद्याजवळ उभे केले नसते. मामा गेल्याचा निरोप वाजवता वाजवताच आला होता असे सांगितले असते तर समितीने हळहळून ते बाक तिला देऊनही टाकले असते. परंतु मामांच्या मरणावर बाक मिळवावे हे तिला पटेना. त्यांनी भिंतीआड राहून सगळा जन्म काढला होता. त्यांना आता पुढे करू नये, असे तिला वाटले.

“शेवट तसाच करायचा, हे मी ठरवलं,” ती म्हणाली.

“का, ते सांगाल?”

“नाही.”

बाहेर खुंट्या जिन्यावर बसला होता. “मी आत जाऊन सांगतो,” तो म्हणाला. “माझं तोंड, माझी चूक.”

“काय सांगशील? काणा मामा कोण, तेही सांगशील? आत्या, काकू, सगळं खानदान उभं करशील त्यांच्यापुढे?”

“मग काय, गप बसू?”

“आजवर कधी बसला नाहीस. आता बैस.”

ते बाक दुसऱ्या उमेदवाराला मिळाले. त्याने सर्व खुंट्या ओढून वाजवले होते. तो वाईट वादक नव्हता. तो पुष्कळ वर्षे तेथे राहिला आणि त्याचे केसही तेथेच पांढरे झाले.

पाठमोरीने पुन्हा पिशव्या उचलल्या. ती रचना ती पुढे सगळीकडे वाजवत राहिली आणि तिचा शेवट तसाच बारीक करत राहिली. त्याचे कारण विचारले तर ती सांगत नसे. शेवटच्या वळणावर ती “मामा?” असे विचारी. खुंट्या “गेले” म्हणे. मग ती काणा मामा आणायला सांगे. प्रारंभी हे म्हणताना दोघे एकमेकांकडे पाहत नसत. नंतर त्याची सवय झाली. खुंटीचा आवाज बारीक असला तरी कान तिकडेच लागत, आणि हळूहळू त्या शेवटाचीच ख्याती झाली. एका वर्तमानपत्राने लिहिले की एवढे अफाट वाद्य हाती असताना इतका संयम दाखवणारा दुसरा वादक नाही.

“संयम म्हणे!” खुंट्या म्हणाला. “काणा मामा म्हणा, काणा मामा.”

तरुण वादक तसा शेवट करून पाहू लागले. त्यांना तो साधत नसे, कारण ते सूर हळूहळू कमी करत. पाठमोरीच्या हातून एकेक सूर एकदम सोडला जाई.

गावच्या सभागृहाने तिला पुन्हा बोलावले तेव्हा तिच्या गुडघ्यांना पट्टे बांधलेले असत. अध्यक्ष बदलले होते. नव्या व्यवस्थापक बाई तरुण होत्या व त्यांनी मोठ्या आदराने वाद्य दाखवले. आता खुंट्यांच्या सगळ्या जुळण्या आधी ठरवून ठेवता येत होत्या. एक बटण दाबले की हव्या त्या खुंट्या आपोआप बाहेर येत.

“म्हणजे मॅडम, मदतनिसाची गरजच नाही,” व्यवस्थापक बाई म्हणाल्या.

“गरज नाही हे खरं आहे,” पाठमोरी म्हणाली. “पण तो उभा राहील.”

“ऐकलंस का ताई,” खुंट्या म्हणाला, “माझं काम आता बोटभर बटण करतं. तुझं कधी करणार म्हणे?”

“ते शिव्या खाईल का? मग नाही जमायचं.”

कार्यक्रम सुरू झाला. वादकाच्या डोळ्यांसमोर, पुस्तकाच्या वर, एक लहानसा आरसा टांगलेला असतो. पाठीमागे काय चालले आहे ते त्यात दिसते. पाठमोरी सहसा त्यात पाहत नसे. त्या दिवशी एक पान संपवून दुसरे उघडताना तिची नजर तिकडे गेली. सर्वांत मागच्या बाकावर, कोपऱ्यात, मामी बसली होती. तिला कोणी आणले हे नंतर कळले. ती शेजारणीचा हात धरून स्वतःच आली होती. ती आता फार थकली होती व तिला ऐकू कमी येई. ती समोर पाहत नव्हती. कोणीतरी शिकवल्यासारखा तिने आपला तळहात बाकाच्या फळीवर टेकवला होता.

रचना चढत गेली. शेवटचे वळण आले.

पाठमोरीने नेहमीचा प्रश्न विचारला नाही. तिने आरशाकडे पाहून मान किंचित वर केली. खुंट्यानेही तिकडे पाहिले. मग तो वाकला.

“मामांना बोलावू का?” तो म्हणाला.

“बोलाव,” ती म्हणाली. “आणि आत्या, काका, काकू, सगळ्यांना बोलाव. कोणाला मागे ठेवू नकोस.”

त्याने बटणाला हात लावला नाही. त्याने त्याच्या लांब हातांनी एकेक खुंटी ओढली आणि सर्वांत शेवटी खालच्या कोपऱ्यातली. पाठमोरीचा पाय खालच्या पट्टीवर गेला. तो ख्यातीचा बारीक शेवट ऐकण्यासाठी आलेले लोक दचकले. काचा थरथरल्या. पाय उचलल्यावरही तो सूर लांबच्या भिंतीपर्यंत गेला आणि तेथून परत आला. ती आयुष्यात प्रथमच हात मांडीवर ठेवून तो येईपर्यंत ऐकत राहिली.

कार्यक्रमानंतर व्यवस्थापक बाई भेटल्या. त्या शिष्टाचाराने बोलल्या, परंतु त्यांचा थोडा हिरमोड झालेला दिसला. प्रसिद्ध शेवट ऐकायला मिळाला नाही, असे त्या म्हणाल्या. सभागृहाचा कायमचा वादक तेवढ्यात तेथे आला. त्याने तिला नमस्कार केला, आणि ती उठल्यावर आपल्या सवयीप्रमाणे बाक एक बोट मागे सरकवले. ते बाक त्याचेच होते. पाठमोरीने जोडे पिशवीत घातले.

दाराशी मामी उभी होती. तिने दोघांनाही खालपासून वरपर्यंत न्याहाळले.

“कसं वाटलं, मामी?” खुंट्याने तिच्या कानाशी मोठ्याने विचारले.

“मला काय कळतंय त्यातलं?” मामी म्हणाली. “ऐकू तर काहीच आलं नाही. पण शेवटी शेवटी बाक असं हलायला लागलं, की मला वाटलं, आले मेले उशिरा, नि बसतायत शेजारी धपकन.”